तांबडे औषध आणि डोरोथीबाई

आपल्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहिण्याचे काम यंदा चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपविले. कोणाविषयी लिहावे, हे मात्र माझ्या पायांनी ठरविले! मी शुद्ध शाकाहारी घरातली. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बी-12 जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. त्या तांबड्या औषधाची घडण एका बाईने शोधली हे कळल्यावर मी डोरोथी हॉजकिन यांचे चरित्र मिळवून वाचले.

डोरोथीबाईंचा जन्म 12 मे 1910 रोजी कैरो येथे झाला. आई प्राचीन विणकामाच्या जाणकार होत्या. इंग्लंडात बेकल्सच्या शाळेत रसायनशास्त्र मुलांसाठीच असे. तेथे डोरोथी आणि आणखी एक मुलगी एवढ्यांनाच त्या वर्गात बसता आले. 1928 मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. पुढे केंब्रिजला बर्नाल यांच्यासह त्यांनी 1934 साली पेप्सिन या पाचक एन्झाइमच्या स्फटिकाचा क्ष-किरणांनी अभ्यास केला. स्फटिक वाळला की चित्र येईना. मूळ द्रवात ओला ठेवला तेव्हा ठिपके उमटले. वस्तू कशी आहे हे पाहताना ती बिघडू द्यायची नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

त्याच सुमारास, ऐन चोविशीत, त्यांना संधिवाताने गाठले. बोटे वाकडी झाली, तरी त्या हातांनी नाजूक स्फटिकांचे काम सुटले नाही. 1937 मध्ये टॉमस हॉजकिन यांच्याशी विवाह झाला. तीन मुले झाली. 1945 साली पेनिसिलिनची रचना सिद्ध झाली. 1948 मध्ये बी-12 चे तांबडे स्फटिक हाती आले आणि 1956 पर्यंत त्याची पूर्ण रचना उलगडली. मधोमध कोबाल्ट धातूचा एक अणू आणि भोवती इतर अणूंची गुंफण! अमेरिकेतील संगणकाचेही साह्य त्यांनी घेतले होते.

शरीरात बी-12 एन्झाइमाच्या कुशीत बसून त्याला मदत करते. अशा मदतनिसाला सहघटक म्हणतात. 1961 मध्ये डोरोथीबाई व लेनर्ट यांनी या सहघटकाची रचना मांडली. त्यात कोबाल्ट थेट कार्बनला जोडलेला आढळला. त्याचे काम चालते ते हाच नाजूक बंध तुटून.

आता येथेच मोठी मेख आहे. क्ष-किरण स्फटिकात शिरले की इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ते कोबाल्टला जाऊन मिळतात. मग कोबाल्टची अवस्था बदलते, शेजारच्या अणूंशी असलेली त्याची अंतरे वाढतात, बंध तुटूही शकतो. भात झाला का म्हणून सारखे झाकण उघडावे आणि वाफ जाऊन तो कच्चाच राहावा, तसे हे! हाती आलेले चित्र मूळ सहघटकाचे की किरणांनी दुखावलेल्याचे, हे ओळखावे लागते. म्हणून आजचे संशोधक स्फटिक उणे 173 अंशांच्या आसपास गारठवतात; पण थंडीने हे पुरते थांबत नाही. किरणांची मात्रा कमी ठेवतात, अनेक स्फटिकांकडून थोडे थोडे काम घेतात, आणि स्फटिकाचा रंग पालटला का तेही मोजतात. रंग पालटला, तर चित्रावर आंधळा विश्वास ठेवीत नाहीत.

1964 साली डोरोथीबाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. इन्सुलिनचे पहिले चित्र त्यांनी तिशीच्या आत घेतले होते. रचना हाती आली ती 1969 मध्ये. त्या कामात आपले एम. विजयन हेही सहभागी होते. 29 जुलै 1994 रोजी डोरोथीबाई निवर्तल्या.

माझ्या पायांच्या मुंग्या आता थांबल्या आहेत. पण त्याहून मोठा लाभ मला या चरित्राने दिला. दुसऱ्याच्या घरातले, सुनेतले, शेजारणीतले वैगुण्य पाहताना मी आता थबकते: हे तिचे मूळचे, की माझ्या पाहण्याने झालेले? भगिनींनो, हा प्रश्न आपण साऱ्याजणींनी कधीतरी स्वतःला विचारून पाहावा.