पुस्तकांच्या पेट्या गावोगाव धाडणारे महाराज



आपल्या नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, कवळाणे नावाचे एक खेडे आहे. तेथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड आणि उमाबाई यांच्या पोटी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव गोपाळराव. काशीराव हे बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याच्या दूरच्या शाखेतले. पण नाते दूरचे आणि राजवाडा त्याहून दूर. घरी शेती होती, गुरेढोरे होती. गोपाळराव भावांबरोबर रानात जायचे. पाटी-पेन्सिलीशी त्यांचा फारसा संबंध आला नव्हता.

हेच पुढे बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड झाले. त्यांच्यावर मोठमोठी पुस्तके आहेत आणि त्यांत त्यांची कितीतरी कामे सांगितली आहेत. मी सातवीत आहे, मला ती सगळी सांगता येणार नाहीत. मी त्यांचे एकच काम नीट सांगणार आहे, कारण त्याचा आमच्या वर्गाशी संबंध आला. ते काम म्हणजे ग्रंथालये.

आधी ते राजे कसे झाले ते सांगते. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. मुलाचा शोध कवळाण्यापर्यंत आला. तिथून मुले बडोद्याला नेली आणि त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झाले, नाव सयाजीराव ठेवले. तेव्हा वय बारा वर्षे, म्हणजे माझ्याएवढेच! बारा वर्षांचा मुलगा राजवाड्यात राहायला गेला आणि तिथे गेल्यावर त्याला सगळ्यात आधी काय करावे लागले, तर अक्षरे गिरवावी लागली. आपली पहिलीतली मुलं गिरवतात तशी. आणि एकाच भाषेची नाही. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, अशा चार भाषा. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले होते. दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभाराचे धडे द्यायचे. सहा वर्षांत हा मुलगा एवढा तयार झाला की २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची सूत्रे त्याच्या हाती दिली.

माझ्या मते इथेच खरी गोम आहे. ज्याला पाचव्या वर्षी वाचता येऊ लागले त्याला वाचता न येणे म्हणजे काय हे आठवत नाही. महाराजांना ते चांगले आठवत असणार. हे मी कुठे वाचलेले नाही, हा माझा आपला विचार आहे.

महाराजांनी १८९३ साली अमरेली भागातल्या थोड्या गावांत शिक्षण सक्तीचे आणि मोफत करून पाहिले. ते जमले म्हणून १९०६ साली साऱ्या बडोदे राज्यात कायदा लागू केला. मुलगे सात ते बारा वर्षांचे आणि मुली सात ते दहा वर्षांच्या, सगळ्यांनी शाळेत यायचे. मूल शाळेत पाठवले नाही तर आईबापांना दंड! तेव्हा मूल म्हणजे घरचा एक कामाचा हात असायचा. गुरांमागे कोण जाणार, धाकट्याला कोण सांभाळणार? त्यामुळे कुरकुर झालीच. मुलींची मुदत दोन वर्षांनी कमी का ठेवली, हे मात्र मला पटलं नाही. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, त्या काळात मुलींना कायद्याने शाळेत बसवलं हेच मोठं धाडस होतं. तरीपण मला नाही पटलं.

बरे, शाळा तर झाली. पण एक अडचण पुढे आली. मुलगा चार-पाच इयत्ता शिकून शाळेतून बाहेर पडायचा आणि पुन्हा शेतात जायचा. घरी पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. मग काही वर्षांत शिकलेले विसरून जायचा. राज्याने खर्च केलेला पैसा आणि मुलाची मेहनत दोन्ही पाण्यात. तेव्हा शाळेच्या मागोमाग गावात पुस्तकेही गेली पाहिजेत, हे महाराजांनी ओळखले.

हे वाचताना मला आमच्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमारास बैलगाडीत भांडीकुंडी भरून निघतात ते उन्हाळ्यातच परततात. चौथीपर्यंत तीही जायची. ती हुशार आहे. गणितात तर माझ्या पुढे. पण दर वर्षी परत आली की धडा वाचताना अडखळायची, जोडाक्षरं तर पार पुसून गेलेली असायची. मग वर्गात उभं राहून वाचायची तिला लाज वाटायची. कोपीवर पुस्तक कुठून येणार? शंभर वर्षांपूर्वी बडोद्याच्या महाराजांपुढे जो प्रश्न होता तोच हा.

महाराज परदेशी पुष्कळ हिंडले. १९०६ साली ते अमेरिकेत गेले होते. तेथे त्यांनी सार्वजनिक ग्रंथालये पाहिली. गावातला कोणीही माणूस आत जातो, पुस्तक घेऊन वाचतो, असे. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावले आणि ग्रंथालयांचे सगळे खाते त्यांच्याकडे दिले. बडोद्याला मध्यवर्ती ग्रंथालय सुरू झाले. त्यासाठी महाराजांनी आपल्या राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तके देऊन टाकली. पुस्तके घरी न्यायला वर्गणी नाही. बोर्डनसाहेबांनी ग्रंथपालांचे वर्ग घेतले, कारण पुस्तके सांभाळणे आणि लोकांना वाचायला लावणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुस्तके सांभाळणारे कुलूप लावतात, हे आपण पाहतोच. बोर्डन १९१३ ला परत गेले. पण काम थांबले नाही.

आता पेट्यांची गोष्ट. ज्या गावात ग्रंथालय नाही तिथे काय करायचे? तर लाकडी पेटीत पुस्तके भरून ती पेटीच गावाला पाठवायची. एका पेटीत पंधरा ते तीस पुस्तके असत. नेण्या-आणण्याचा खर्च सरकारचा. गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाने पेटी ताब्यात घ्यायची. लोकांनी पुस्तके वाचायची. वाचून झाली की पेटी परत आणि तिच्या जागी दुसरी पेटी. याला फिरते ग्रंथालय म्हणत. महाराज स्वतः वाड्यात राहिले, पण त्यांची पुस्तके अशी खेड्यापाड्यांतून हिंडत राहिली. मला ही गोष्ट फार आवडली.

आणि ज्या गावाला स्वतःचेच ग्रंथालय हवे असेल त्याच्यासाठी नियम असा होता: गावकऱ्यांनी वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम पंचायतीने घालायची आणि तेवढीच सरकारने. खेड्यासाठी याची मर्यादा वर्षाला शंभर रुपये होती. म्हणजे गावाने शंभर जमवले की तीनशे झाले. फुकट काही नाही, पण गावाने एक पाऊल टाकले की बाकीची दोन पावले दुसरे टाकणार. या कामात मोतीभाई अमीन नावाचे एक गुजराती शिक्षक होते. त्यांनी आधीपासूनच गावोगाव वाचनालये काढण्याचा ध्यास घेतला होता. ते खेड्यांतल्या ग्रंथालयांचे काम पाहू लागले. पुष्कळ ठिकाणी गावचे शाळामास्तरच ग्रंथपाल असत. महाराजांच्या अखेरीपर्यंत बडोदे राज्यात अशी हजारावर ग्रामग्रंथालये झाली.

ज्याला मुळीच वाचता येत नाही त्याचे काय, हाही विचार त्यांनी केला होता. ग्रंथालय खात्याची एक शाखा फक्त चित्रे दाखवण्यासाठी होती. तिच्याकडे जादूचा दिवा होता, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर मोठे करून दाखवायचे यंत्र. चलच्चित्रांचे यंत्र होते. खेड्यात रात्री खेळ लावायचे आणि लोक फुकट पाहायचे. आणखी एक गंमतीची वस्तू होती, स्टिरिओस्कोप. त्यात एकाच देखाव्याची दोन चित्रे शेजारी शेजारी लावतात, एक डाव्या डोळ्यासाठी आणि एक उजव्यासाठी. दोन्हींत किंचित फरक असतो. दोन भिंगांतून पाहिले की दोन्ही मिळून एकच चित्र दिसते आणि ते सपाट न दिसता खरोखर खोल दिसते. झाड पुढे, डोंगर मागे. ज्याने उभ्या जन्मात गाव सोडले नाही अशा माणसाने त्यातून परदेश पाहिला असेल तेव्हा त्याला काय वाटले असेल!

बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी निराळी खोली होती. तिथे चित्रांची पुस्तके आणि बैठे खेळ ठेवलेले असत. पुस्तकाशेजारी खेळ! मुलगा खेळायला यायचा आणि पुस्तकाजवळ पोचायचा. मुलांना वाचायला पुस्तकेही हवीत ना? १९१२ साली महाराजांनी देशी भाषांतल्या पुस्तकांसाठी दोन लाख रुपये बाजूला काढले. त्यांतून श्री सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्री सयाजी बालज्ञानमाला निघाली. मराठीत आणि गुजरातीत. त्याच साली ग्रंथालयाविषयीचे एक त्रैमासिकही निघाले, त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असा तीन भाषांतला मजकूर असे. पुढच्याच साली, १९१३ मध्ये, महाराजांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले. हे तर सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

हे सगळे वाचून आम्ही सातवीच्या मुलामुलींनी काय केले तेही सांगते, कारण ते पाहूनच काही पालक विचारत होते की ओसरीवर ही दोरी कसली बांधलीय.

आमच्या शाळेची पुस्तके कपाटात आहेत. उभी ठेवली की नुसती पाठ दिसते, तोंड दिसत नाही. म्हणून आम्ही ओसरीवर दोन सुतळ्या ताणल्या आणि त्यांवर पुस्तके उघडी अडकवली, कपडे वाळत घालतात तशी. पहिलीची मुलं येता-जाता चित्रं बघून थांबतात. दुसरं म्हणजे, शनिवारी बाई गोष्ट वाचतात आणि ऐन रंगात आली की थांबतात. पुस्तक मेजावर ठेवून निघून जातात. मग जी काय झुंबड उडते! आमच्या वर्गातल्या पोरांनी खोक्याचा सिनेमा केलाय. चपलांच्या खोक्याला पुढून चौकोन कापला, आत दोन काठ्या घातल्या आणि कागदाची लांब पट्टी गुंडाळली. पट्टीवर गोष्टीतली चित्रं काढलीत. एकानं काठी फिरवायची आणि एकानं गोष्ट वाचायची. जादूचा दिवा नाही, पण गर्दी तेवढीच.

आणि पेटी. सुतारकाकांनी जुन्या बाकाच्या फळ्यांची करून दिली. तीत पंचवीस पुस्तकं बसतात. ती दर पंधरा दिवसांनी एका वस्तीवर सायकलीवरून जाते. पहिल्यांदा मळ्यातल्या वस्तीवर गेली तेव्हा परत आली तर चार पुस्तकं कमी. आम्ही घाबरलो. पुढच्या खेपेला चारही मिळाली. एका आजीनं ती नातवाकडून रोज रात्री वाचून घेतली होती आणि गोष्ट संपल्याशिवाय द्यायला तयार नव्हती. एका पुस्तकावर हळदीचा डाग पडलाय. बाई म्हणाल्या, असू दे.

ऊसतोडीला जाणाऱ्या सहा मुलांसाठी छोट्या पिशव्या केल्या आहेत. प्रत्येकीत पाच पुस्तकं, एक वही आणि आमचा पत्ता लिहिलेली तीन पोस्टकार्डं. माझी ती मैत्रीण आता हंगामात तिच्या मामांकडे राहते, पण तिचा धाकटा भाऊ आईबरोबर जातो. त्याच्या पिशवीतली पुस्तकं तिनंच निवडली. मोठ्या अक्षरांची आणि जोडाक्षरं कमी असलेली. तिला माहीत आहे ना.

महाराजांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत झाले. त्यांनी त्रेसष्ट वर्षे बडोद्याची गादी सांभाळली. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात सामील झाले आणि १९६० पासून तो भाग गुजरातेत आहे. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय अजून चालू आहे. १९३१ सालची त्याची इमारत आहे. आत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर येतो. आमची सहल तिकडे नेता येईल का, असे आम्ही गुरुजींना विचारले आहे.

पालकांना एक विनंती आहे. या पंधरवड्यात पेटी नदीपलीकडच्या वस्तीवर जायची आहे. पुराचं पाणी उतरलेलं नाही आणि सायकल जात नाही. शनिवारी कुणाची बैलगाडी किंवा ट्रॅक्टर त्या बाजूला जाणार असेल तर वर्गात निरोप द्यावा. पेटी भरून तयार आहे.