आसमानाचा जिना मांडणारे गयासुद्दीन जमशीद अल-काशी

आजकाल आर्किटेक्ट गोल जिना किंवा वळणाचा रॅम्प हाताने काढत बसत नाहीत. संगणकावर वक्र पृष्ठभाग तयार करायचा, पायरीची उंची द्यायची, बाकीच्या पायऱ्या आपोआप निघतात. एक आकडा बदलला की सगळा जिना बदलतो. आमच्या मुलांना हे अगदी नवं वाटतं. पण एका मापावरून सगळी वक्र रचना काढण्याचा हिशेब सहाशे वर्षांपूर्वी एका मुसलमान गणितज्ञाने लिहून ठेवला होता.

गयासुद्दीन जमशीद यांचा जन्म इराणातल्या काशान शहरात सुमारे १३८० साली झाला. तैमूरच्या स्वाऱ्यांचा तो काळ. गरिबी फार होती. पेशाने ते हकीम, मन मात्र आकाशात. २ जून १४०६ चं चंद्रग्रहण त्यांनी काशानमधूनच पाहून नोंदवलं. पुढच्याच वर्षी ग्रह-ताऱ्यांचं अंतर आणि आकार यांवर किताब लिहिली. तिचं नाव ‘सुल्लमुस्समा’, म्हणजे आसमानाचा जिना.

कदर करणारा भेटला तो समरकंदचा शहजादा उलुग बेग. तिथून त्यांनी वालिदांना लिहिलेली फारसी पत्रं आजही आहेत. ती वाचताना दरबारातले आलिम, त्यांचे वाद आणि जमशीद साहेबांचा थोडासा ताठाही दिसतो. ताठा का नसावा? वर्तुळाचा परीघ काढताना त्यांनी ८० कोटींहून जास्त बाजूंची आकृती धरली आणि १४२४ मध्ये ‘पाय’ची किंमत १६ दशांश स्थळांपर्यंत अचूक आणली. अख्ख्या विश्वाच्या परिघात घोड्याच्या केसाएवढीही चूक राहू नये, अशी त्यांची जिद्द होती.

१४२७ ची ‘मिफ्ताहुल हिसाब’ मात्र कामाच्या माणसांसाठी. त्यात कमानी, घुमट आणि मुकर्नस यांची मोजमापं आहेत. मशिदीच्या दरवाजावर मधाच्या पोळ्यासारखी, उलट्या पायऱ्यांसारखी उतरत येणारी नक्षी म्हणजे मुकर्नस. नुसतं बघून वाटतं, याचं क्षेत्रफळ कोण काढणार! त्यांनी मुकर्नसचे चार प्रकार पाडले. सर्वांत मोठ्या तुकड्याच्या पायाची लांबी हे एकच माप धरलं, आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात काढलं. गवंडी वक्र तुकड्याची रेषा कशी आखतात, तेही लिहिलं. गवंड्याच्या हातातलं इल्म त्यांनी किताबेत आणलं, हे आम्हाला त्यांचं मोठं काम वाटतं.

समरकंदच्या वेधशाळेत सुमारे ४० मीटर त्रिज्येची दगडी कमान उभी राहिली. एक अंश म्हणजे जवळपास ७० सेंटीमीटर. कमानीच्या वळणाबरोबर दोन्ही बाजूंनी पायऱ्या चढत जातात. पण उलुग बेगचं ताऱ्यांचं कोष्टक पुरं व्हायच्या आधीच, २२ जून १४२९ रोजी, जमशीद साहेबांचा इंतकाल झाला. उलुग बेगचाही १४४९ मध्ये खून झाला आणि वेधशाळा उजाड झाली. १९०८ मध्ये खोदकाम झालं, तेव्हा जमिनीखालचा कमानीचा भाग सापडला, पायऱ्यांसकट.