राणी लक्ष्मीबाई : तनख्याची तीन वर्षे

लक्ष्मीबाईंचे चरित्रकार दत्तकविधानावरून बहुधा थेट १८५७कडे वळतात. मधली तीन वर्षे घोड्या-तलवारीची नव्हेत, हिशेबाची होती. म्हणूनच ती मागे पडली असावीत.

त्यांचे बालपणही तनख्याच्या छायेतच गेले. वडील मोरोपंत तांबे काशीस चिमाजी आप्पांच्या पदरी होते. पुढे ते ब्रह्मावर्तास दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयास गेले. पदच्युत पेशव्यांस कंपनी सरकार सालीना आठ लाख रुपये देई आणि त्यावर त्यांचा सारा आश्रितवर्ग जगे. १८५१ साली बाजीराव निवर्तले व दत्तकपुत्र नानासाहेबांस ती रक्कम नाकारण्यात आली. दत्तकाच्या हक्काचे काय होते, याचा हा उघड दाखला होता.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव वारले. आदल्याच दिवशी दत्तक घेतलेल्या दामोदररावांचा वारसा डलहौसीने २७ फेब्रुवारी १८५४च्या टिपणीत अमान्य केला. राणीस दरमहा पाच हजार रुपये, तेही हयातीपुरते. किल्ला सोडून त्या शहरातील वाड्यात राहावयास गेल्या. संस्थानी फौजेस रजा मिळाली. पण ही रजा पुन्हा हजर होण्याची नव्हती. शिपाई, गोलंदाज, कारकून यांची पिढीजात चाकरी एका हुकुमाने संपली.

जॉन लँग या वकिलास राणीने सल्ल्यासाठी झाशीस बोलाविले. तक्रार कायम ठेवून तनखा घ्यावा, असे त्याचे मत पडले. राणीने तेव्हा नकार दिला. कारण उघड आहे : तनखा उचलणे म्हणजे राज्य गेल्याची पावती देणे. पुढे पदरच्या माणसांसाठी तो स्वीकारावा लागला, तोच गंगाधररावांचे कर्ज त्यातून फेडण्याचा तगादा सुरू झाला. राज्य ज्याने घेतले त्याने राज्याचे ऋणही घ्यावे, हा राणीचा युक्तिवाद होता. तो बिनतोड होता. मानला मात्र गेला नाही. दामोदररावांच्या नावे सहा लाख रुपये सरकारजमा होते. त्यांच्या मुंजीसाठी त्यांतील एक लाख मागितले, तर तेही जामीन घेऊनच देण्यात आले!

जून १८५७मध्ये झाशीतील इंग्रजी अंमल कोसळला आणि कारभार राणीकडे आला. त्यांनी नवी फौज उभी केली, तोफा पुन्हा बुरुजांवर चढविल्या. मार्च १८५८मध्ये सर ह्यू रोजने वेढा घातला, तेव्हा गुलाम घौस खानासारखे गोलंदाज अखेरपर्यंत तोफांपाशी राहिले. एप्रिलच्या आरंभी शहर पडले. जूनमध्ये ग्वाल्हेरनजीक राणी धारातीर्थी पडल्या.

काही विश्वासू सेवकांनी दामोदररावांस रानावनांतून जपले. पुढे त्यांस इंदुरास आश्रय व अल्पशी नेमणूक मिळाली. मुंजीनंतर उरलेले ते लाखो रुपये मात्र त्यांच्या हाती कधीच आले नाहीत. १९०६ साली ते इंदुरासच वारले.