मुंढव्याचं ते पोर

संपादक महोदय,


मागच्या पावसाळ्यात मी इथंच इंदूरला एका दवाखान्यात नऊ दिवस होते. ताप उतरेना, आणि घरच्यांना आत यायची मनाई. रात्रपाळीची सिस्टर अंग पुसायची, चादर बदलायची, जाताना कपाळावर हात ठेवायची. सुट्टी झाली त्या दिवशी तिची पाळी नव्हती. आभार राहूनच गेले. तेव्हापासून मला सारखी सावित्रीबाई फुल्यांची आठवण येते. आपण त्यांना शिक्षिका म्हणून ओळखतो, पण त्यांनी केलेल्या शुश्रूषेबद्दल फार कमी बोलतो. म्हणून हे पत्र.

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. नवव्या वर्षी त्यांचं जोतिरावांशी लग्न झालं. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांनीच बायकोला शिकवलं. पुढे अहमदनगरला मिस फॅरार आणि पुण्यात मिसेस मिचेल या मिशनरी बाईंकडे त्यांनी शिक्षिकेचे धडे घेतले. फुले दांपत्यानं धर्म बदलला नाही, पण आपल्या मिशनच्या बायांनी दिलेली विद्या त्यांनी हजार हातांनी वाटली, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही.

1848 साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. वाटेत लोक शेण-चिखल फेकत. त्या शाळेत जाऊन लुगडं बदलत आणि शिकवायला उभ्या राहत. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण 1863 साली त्यांच्याच घरी एक वेगळं दार उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी जीव देऊ नये, बाळाला मारू नये, म्हणून त्यांच्या बाळंतपणाची सोय तिथं केली. त्या अभागी बायांना लोक दारात उभं करत नसत, त्यांचं सगळं सावित्रीबाईंनी केलं. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला.

1888 मध्ये जोतिरावांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. दोन वर्षं सावित्रीबाईंनी त्यांची सेवा केली. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं हातात धरून त्या स्वतः पुढे चालल्या.

मग 1897 चा प्लेग. पुण्यात माणसं पटापट मरू लागली. घरातलाच माणूस आजाऱ्याला हात लावायला भ्यायचा. यशवंतराव फौजेत होते. ते रजा घेऊन आले आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यांनी दवाखाना थाटला. सावित्रीबाई तेव्हा 66 वर्षांच्या. कुठं कोणी आजारी पडलंय कळलं की स्वतः जायच्या, रोग्याला घेऊन यायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला गाठ आल्याचं कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं असं सांगतात. पण रोग त्यांना लागला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या.

शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतो. त्यानं जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवलं. या बाईजवळ जनावर नव्हतं, पाठ होती. आणि ज्या पोराची सावली टाळायची असं शिकवलं जाई, त्याला त्यांनी अंगाशी धरलं.

मला राहून राहून त्या मुलाचं वाटतं. शुद्धीवर आल्यावर त्यानं कोणाचे आभार मानायचे? ज्यांच्या पाठीवर तो आला, त्या राहिल्याच नव्हत्या. माझं तसं नाही. माझी सिस्टर आजही इथंच कुठल्यातरी वॉर्डात जागत असेल. मागच्या आठवड्यात मी त्या दवाखान्यात जाऊन आले. ती दुसरीकडे कामाला लागली म्हणाले. नावही मी तेव्हा विचारलं नव्हतं, ही चूक माझीच.

म्हणून वाचकांना, ख्रिस्ती असोत की शेजारचे, एकच सांगणं. घरचं कोणी दवाखान्यात असेल तर सुट्टीची वाट बघू नका. आज रात्रीच सिस्टरला तिचं नाव विचारा आणि आभार माना. सुट्टीच्या दिवशी कोणाची पाळी असेल, सांगता येत नाही.

आपली,
एक वाचक, इंदूर