सनदेसाठी तीस वर्षे : कॉर्नेलिया सोराबजी

भगिनींनो, स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले तेव्हा मला माझे हक्कसोडपत्र आठवले. लग्नानंतर माहेरच्या शेताच्या त्या कागदावर मी न वाचता सही केली. भावांवर माझा राग नाही. पण त्यात काय लिहिले आहे, हे विचारायला माझ्या ओळखीत एकही वकील बाई नव्हती आणि पुरुष वकिलाकडे एकटीने जाण्याची छाती नव्हती. आता माझी बारावी झालेली नात वकील होते म्हणते आणि घरात कुरकुर चालली आहे. म्हणून कॉर्नेलियाबाईंचे चरित्र येथे सांगते.

बाईंचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. वडील मूळचे पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आई फ्रान्सिना पुण्यात शाळा चालवीत. बाई डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेतील यशामुळे विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायची. ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. काही काळ त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकविले. पुढे विलायतेतील हितचिंतकांनी पैसे जमविले आणि 1889 साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथे कायदा शिकणारी ती पहिली स्त्री. 1892 साली खास परवानगीने त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. परंतु ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. ती हाती पडली 1922 साली, म्हणजे तीस वर्षांनी!

मायदेशी परतल्यावरही तेच. 1897 साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. झाली, 1899 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा झाली, तरी सनद नाही. मागितलेले प्रत्येक प्रमाणपत्र त्यांच्यापाशी होते. अडचण एकच, त्या स्त्री होत्या.

पण बाई रडत बसल्या नाहीत. पडद्यातील विधवांना परपुरुष वकिलाशी बोलता येत नसे, आणि त्यामुळे त्यांच्या जमीनजुमल्याची लूट होई. 1904 साली बंगाल सरकारच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारस व विधवा यांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, बाईंची नेमणूक झाली. पुढील सुमारे वीस वर्षांत त्यांनी सहाशेच्या आसपास स्त्रिया व पोरक्या मुलांना साह्य केले. स्वातंत्र्याच्या चळवळीला त्यांचा विरोध होता, हे आपल्याला पटणार नाही. पण म्हणून त्यांचे हे काम लहान होत नाही.

अखेर 1921 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची नोंद केली आणि 1923 च्या कायद्याने स्त्रियांवरील बंदीच उठली. पन्नाशी उलटलेल्या बाई कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात वकील म्हणून उभ्या राहिल्या. 6 जुलै 1954 रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

आज काय लागते? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा कोणत्याही पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. आधीच्या परीक्षेत खुल्या गटासाठी 45 टक्के गुण, इतर मागासवर्गीयांना 42 व अनुसूचित जाती-जमातींना 40. त्याखेरीज राज्याची प्रवेश परीक्षा. पदवीनंतर महाराष्ट्र व गोव्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवून सनद घ्यायची आणि अखिल भारतीय वकील परीक्षा उत्तीर्ण व्हायची. विधी महाविद्यालय तर आपल्या लातुरातच आहे. या यादीत मुलगी असू नये, असे कोठेही लिहिलेले नाही.

तेव्हा भगिनींनो, सरकारने 1923 साली काढलेली बंदी आपण आपल्या उंबरठ्यावर पुन्हा घालू नये. माझ्या नातीच्या प्रवेशाचे पैसे मी माझ्या साठवणीतून देणार आहे. उद्या कोणा लेकीपुढे हक्कसोडपत्र आले, तर ते तिला वाचून दाखविणारी आपल्या औशाचीच एखादी वकीलबाई असावी, एवढीच इच्छा.