प्रार्थनेचे स्वरकार : वसंत देसाई

कोकणातील सोनवडे गावी १९१२ मध्ये जन्मलेले वसंत देसाई तरुणपणीच कोल्हापूरच्या ‘प्रभात’मध्ये दाखल झाले. तेथे गोविंदराव टेंबे, मास्टर कृष्णराव यांच्या सहवासात त्यांचे संगीत घडले. पुढे व्ही. शांताराम यांच्या ‘शकुंतला’ (१९४३), ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) या चित्रपटांनी त्यांना कीर्ती दिली. परंतु ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) यांतील त्यांच्या प्रार्थना पडद्यावरून थेट शाळांच्या प्रांगणात आल्या. गाता गळा नसलेल्या मुलालाही सहज म्हणता याव्यात, अशा त्या चाली! २२ डिसेंबर १९७५ रोजी लिफ्टच्या अपघातात देसाईंचा अंत झाला. देशभरातील असंख्य मुले आजही त्यांच्या स्वरांनी दिवसाचा आरंभ करतात. स्वरकाराचे नाव मात्र त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते.