सर विल्यम फेअरबेर्न

पूल मोडला किंवा बाष्पपात्र फुटले, असे ऐकताच आपण लोखंडाला नावे ठेवतो. वास्तविक लोखंड धड असूनही सांधा दगा देतो, असे पुष्कळदा घडते. ही गोष्ट ज्यांनी प्रयोगांती आकड्यांनिशी दाखवून दिली, त्या फेअरबेर्न यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

त्यांचा जन्म 1789 साली स्कॉटलंडातील केल्सो गावी झाला. घरची स्थिती बेताची, शाळाही थोडीच. 1804 साली ते न्यूकॅसलजवळच्या पर्सी मेन येथील कोळशाच्या खाणीवर उमेदवारीस लागले. दिवसा हातोडा आणि रात्री पुस्तक, असा त्यांचा क्रम होता. आठवड्यातील प्रत्येक रात्रीस त्यांनी विषय नेमून दिला होता. त्यात गणित व भूमिती होतीच. पण कथाकादंबऱ्यांनाही जागा होती, हे आमच्या विद्यार्थिमित्रांना कळल्यास आनंदच होईल!

पुढे मँचेस्टर येथे 1817 साली त्यांनी जेम्स लिली यांच्या भागीदारीत कारखाना काढला. 1837 साली बाष्पपात्रे बांधणाऱ्या कामगारांनी संप केला, तेव्हा फेअरबेर्न यांनी रिव्हेट ठोकणारे यंत्रच सिद्ध केले. तथापि रिव्हेटसाठी पत्र्याला भोके पाडावी लागतात. मग बळ किती उरते? 1838 साली त्यांनी सांधे ताणून तोडले. अखंड पत्र्याचे बळ 100 मानले, तर रिव्हेटच्या दुहेरी ओळीच्या सांध्याचे 70 आणि एकेरीचे अवघे 56 भरले.

या ज्ञानाची खरी कसोटी वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर लागली. तेथे रॉबर्ट स्टीफन्सन यांना 460 फूट गाळ्याचा रेल्वेपूल बांधावयाचा होता. खालून जहाजे जावयाची, म्हणून कमानी नकोत. गाडी लोखंडी पोकळ नळीतून न्यावी, ही कल्पना स्टीफन्सन यांची. नळी टिकेल कशी, हे शोधण्याचे काम फेअरबेर्न यांच्याकडे आले. 1845 साली त्यांनी लंडनच्या मिलवॉल भागात गोल, लंबगोल व चौकोनी नळ्या भार घालून मोडल्या. बिडाची तुळई खालच्या बाजूने तुटते, हे सर्वांस ठाऊक होते. पातळ पत्र्याच्या नळ्या मात्र बहुधा वरून चुरगळल्या. म्हणून चौकोनी आकार निवडून नळीच्या माथ्यावर लहान लहान पोकळ कप्प्यांची रांग बसविली. ईटन हॉजकिन्सन यांचे गणितही या कामी आले.

पुलास साखळ्यांचा आधार द्यावा काय, यावर मतभेद झाला. नळी स्वतःच्या बळावर उभी राहील, असे फेअरबेर्न यांचे म्हणणे होते आणि ते खरे ठरले. साखळ्यांसाठी उंच बांधलेले मनोरे तसेच रिकामे राहिले. पण श्रेयावरून बेबनाव होऊन 1848 साली फेअरबेर्न यांनी काम सोडले, आणि पुढच्या वर्षी आपली बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. तो लिहिताना त्यांनी हात थोडा आखडता घेतला असता तर बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. पुलाची जोखीम अखेर स्टीफन्सन यांच्या शिरावर होती. ब्रिटानिया नावाचा हा पूल 1850 साली खुला झाला.

वयाच्या सत्तरीनंतरही प्रयोग थांबले नाहीत. लोखंडी तुळईवर त्यांनी यंत्राने पुनःपुन्हा भार ठेवला आणि काढला. मोडणाऱ्या भाराच्या चौथ्या हिश्शाने सुमारे 6 लाख खेपांतही ती मोडली नाही. पण भार दोन-पंचमांश करताच 5,000 हून थोड्याच अधिक खेपांत तुटली. एकदा सोसलेला भार लाख वेळा सोसेलच, असे नाही.

आता रिव्हेटची जागा वेल्डिंगने घेतली आहे. उच्च बळाच्या पोलादी नळ्या एकमेकींस जोडतात तेव्हा भोके नसतात. परंतु वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतचे पोलाद नरम पडू शकते, आडव्या नळीची पातळ भिंत दबते, आणि भार पुनःपुन्हा आला की वेल्डच्या कडेपासून चीर सुरू होते. म्हणून आजही असे सांधे प्रयोगशाळेत मुद्दाम मोडून पाहतात.

1869 साली फेअरबेर्न यांस बॅरोनेट हा किताब मिळाला; 1874 साली ते निवर्तले. ब्रिटानियाच्या नळ्या 1970 साली आगीने निकामी झाल्या. त्याच पद्धतीचा, 1848 साली खुला झालेला कॉन्वे येथील धाकटा पूल मात्र, पुढे मध्ये खांबांचा आधार देऊन, अजून आपल्या पोटातून आगगाड्या नेत आहे.